मेजर ठरत नाही, की घर सोडायचंय?

(पत्र मोठं होतं, थोडं आटोपतं केलं आहे. संस्थांची नावं काढली आहेत.)

ताई, मी डोंबिवलीची. यंदा बारावी सायन्स, ८६ टक्के. इंजिनिअरिंग करायचं नाही हे अकरावीतच सांगितलं होतं, त्यावरून जे रामायण व्हायचं ते होऊन गेलं. आता पुढचा प्रश्न. गणित आवडतं. अर्थशास्त्रावरचं यूट्यूबवर खूप ऐकते. आणि मानसशास्त्राची ओढ आहे, कारण घरात आजीचा विसरण्याचा आजार जवळून पाहतेय. यातलं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलं घ्यायचं ते ठरत नाही.

दोन पर्याय आहेत. एक, माटुंग्याचं कॉलेज. मुंबई विद्यापीठाचं, स्वायत्त आहे. तिथे बीएस्सीला नाव लागेल असं वाटतं. दुसरं, पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ. तिथे पहिलं वर्ष वेगवेगळे विषय घ्यायचे आणि वर्षाच्या शेवटी मेजर सांगायचं. ऑफर लेटर आलंय, ट्यूशन फीमध्ये २५ टक्के सूट. तरी होस्टेलसकट चार वर्षांचे २० लाख होतात. बाबांकडे ८ लाख आहेत, बाकी कर्ज. बाबा एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. ते ‘तू म्हणशील तसं’ म्हणतात, त्याचंच जास्त टेन्शन येतं. आई म्हणते, विषयच ठरला नाही तर २० लाख कशाचे? मामा म्हणतो, ठरला नाही म्हणूनच तिकडे पाठवा. भाऊ नववीत आहे.

तिथला कॅम्पस मी बघून आले. मागे टेकडी आहे. होस्टेलच्या खोलीला मोठी खिडकी, खिडकीशी टेबल. लायब्ररी रात्री बारापर्यंत उघडी. मुली एकेकट्या बसून वाचत होत्या आणि कोणी त्यांना काही विचारत नव्हतं. आमच्याकडे वन बीएचकेत पाच जण. आजीचा टीव्ही, आईचा शिवणक्लास, भावाचा क्लास. मी बारावीचा अभ्यास जिन्यात बसून केला.

१५ तारखेपर्यंत ५० हजार डिपॉझिट भरायचंय. विषय ठरलेला नसताना कुठे जावं?

– अनिर्णीत, डोंबिवली पूर्व

प्रिय अनिर्णीत,

आधी त्या १५ तारखेचं बघू, कारण तुझ्या पत्रातली निम्मी घाई तिच्यामुळे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतीचे नियम काढले, ते खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. विद्यापीठाने प्रवेशाची जी शेवटची तारीख अधिकृतपणे जाहीर केली असेल, तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केलास तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रियेचा खर्च म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये, कापता येतात. शेवटच्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, महिन्याच्या आत ५० टक्के, मग काही नाही. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही. तेव्हा आजच ईमेल करून दोन गोष्टी विचार: तुमची प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख कोणती, आणि हे डिपॉझिट परतीच्या नियमात बसतं का. फोनवर कोणी गोड बोलून ‘डोन्ट वरी’ म्हणालं तर ते जमेस धरू नकोस. लेखी हवं. लेखी उत्तराला टाळाटाळ झाली, तर त्या विद्यापीठाबद्दल तुला फुकटात एक गोष्ट कळली.

आता विषयाकडे येऊ. तू सही केलीस ‘अनिर्णीत’ म्हणून, पण पत्रात मला तशी मुलगी दिसली नाही. इंजिनिअरिंग तू खोडलंस, तेही घरच्यांशी भांडून. मेडिकलचं नाव नाही, कॉमर्सचं नाही, डिझाइनचं नाही, भाषा-इतिहासाचं नाही. उरले तीन विषय. दुकानात शंभर साड्या उलगडून गोंधळलेली बाई वेगळी आणि तीन साड्या मांडीवर घेऊन बसलेली वेगळी. दुसरीला आणखी मोठ्या दुकानात नेऊन काय होणार? तुझ्या मामांचा मुद्दा पहिल्या बाईला लागू पडतो. ज्या मुलांना खरोखर काहीच उमगलेलं नाही, त्यांच्यासाठी वर्षभर सगळं चाखून बघायची सोय मोलाची असते, आणि ज्यांना परवडतं त्यांनी तिचा फायदा जरूर घ्यावा. तुझं तसं नाही.

शिवाय ते तीन विषय एकमेकांपासून तू समजतेस तितके लांब नाहीत. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा माझा कल लक्षात ठेवून हे वाच. मानसशास्त्र घेतलेल्या मुली दुसऱ्या वर्षी रडकुंडीला येऊन माझ्याकडे यायच्या. त्यांना वाटलेलं असायचं की माणसाचं मन वाचायला शिकवतील, आणि समोर यायचं प्रमाण विचलन, सहसंबंध, चाचणीची विश्वसनीयता. आजीच्या आजारात औषधाचा उपयोग होतो की नाही हे कुणीतरी दोन गट करून, मोजून, ताडून सांगितलेलं असतं; ते मोजणं हा मानसशास्त्राचा कणा आहे. अर्थशास्त्राचं तेच. यूट्यूबवर जे ऐकतेस ते अर्थकारणावरचं बोलणं. ते ऐकायला मलाही आवडतं. पण एमएच्या वर्गात गेलीस की पहिल्या महिन्यातच कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स पुढ्यात येतात.

आणि गणित? तिथे जरा थांब. बारावीचं गणित म्हणजे उत्तर काढणं, पदवीचं गणित म्हणजे सिद्ध करणं. एफवायला एप्सिलॉन-डेल्टा सुरू झालं की बारावीत ९५ मिळवलेली मुलंही हबकतात, कारण आकडेच गायब होतात. तुला कुठलं गणित आवडतं? साधी परीक्षा आहे. वर्गमूळ दोन ही अपरिमेय संख्या आहे याची सिद्धता शाळेत केली असशील. ती तेव्हा पाठ केलीस, की वाचून ‘अरे, काय भारी!’ असं झालं? आठवत नसेल तर आज पुन्हा काढून बघ, पुस्तक मिटून स्वतः मांडायचा प्रयत्न कर. मग स्वयम् किंवा एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी संकेतस्थळांवर रिअल अ‍ॅनालिसिसची पहिली चार व्याख्यानं बघ, फुकट आहेत. मानसशास्त्रासाठी एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर आहे, तेही फुकट. त्यातलं स्मृतीवरचं प्रकरण वाचून झाल्यावर संशोधन पद्धतींवरचं प्रकरणही वाच. पहिलं आवडेल हे मी आताच सांगते. दुसरं वाचताना झोप येते का ते बघ.

विषय ठरत नसेल तेव्हा मुलं विचारतात, मला सगळ्यात जास्त काय आवडतं? अठराव्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला बदलतं. मी त्याऐवजी विचारते, यातलं कुठलं दार एकदा बंद झालं की परत उघडत नाही? कारण ही दारं दोन्ही बाजूंनी सारखी उघडत नाहीत. गणितातून अर्थशास्त्रात जाता येतं. आपल्या गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एमएस्सी अर्थशास्त्राला गणितातली बीएस्सी चालते. उलटं बघ. आयआयटीच्या एमएस्सी गणिताला पदवीत काही सत्रं तरी गणित असावंच लागतं, आणि नुसतं अर्थशास्त्र करून तीन वर्षांनी गणितात परतलेली मुलं मला बोटांवर मोजण्याइतकीही आठवत नाहीत. गणित सोडणं सोपं आहे, सुटलेलं गणित परत धरणं फार जड जातं. मानसशास्त्राचं तिसरंच: विषय म्हणून कधीही सुरू करता येतो, वयाची अट नाही, आधी अमुक यावं असंही नाही, मात्र एमएला बऱ्याच ठिकाणी पदवीचं मानसशास्त्र मागतात, आणि समुपदेशनाच्या वाटेला जायचं तर साधारणपणे एमए लागतं. म्हणजे गणित आत्ता हातात हवं, अर्थशास्त्र त्याच्या आधाराने चालेल, आणि मानसशास्त्राचा एक धागा कागदोपत्री चालू ठेवायला हवा.

हे माटुंग्यात जमेल का? मामांना वाटतं तिथे गेलीस की पहिल्याच दिवशी विषयाचं कुलूप लागेल. पूर्वी बरंचसं तसं होतं, आता तितकं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाचा राज्याने जो आराखडा केला आहे, त्यात पहिल्या सत्राचे २२ क्रेडिट आहेत आणि त्यातले मेजरचे फक्त ६. दुसऱ्या सत्रात पुन्हा मेजरचे ६, आणि २ क्रेडिटचं मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, सुरू होतं. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुलं ज्याला ओई म्हणतात, ते तर आपल्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं, तसा नियमच आहे. स्वायत्त कॉलेज यात थोडंफार इकडचं तिकडे करतं, पण सांगाडा हाच. म्हणजे बीएस्सीला गेलीस तरी पहिल्या वर्षी कला शाखेतलं काहीतरी तुझ्या ताटात पडणारच.

कागदावर. प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते. एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. दोन क्रेडिटच्या ओईत मानसशास्त्राची चव कळते, भूक भागत नाही. ओई पुष्कळदा हॉल भरून मुलांना एकदम शिकवतात. आणि नियमात जे मायनर घेता येतं, ते तुझ्या कॉलेजच्या वेळापत्रकात बसेलच असं नाही. गणिताची प्रॅक्टिकल्स आणि मानसशास्त्राचं लेक्चर एकाच वेळी ठेवलं की धोरण भिंतीवर राहतं. म्हणून ऑफिसच्या खिडकीवर विचारू नकोस, तिथे तुला माहितीपत्रक हातात देतील. गणित विभागात जा. विचार, गेल्या वर्षी मेजर गणित असलेल्या किती मुलांनी अर्थशास्त्र मायनर घेतलं, मानसशास्त्र कोणी घेतलं का, किमान किती मुलं असली तर ते चालवता. एसवायच्या दोन मुली गाठ आणि त्यांच्या मोबाइलमधलं वेळापत्रक बघ. पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर बदललेलं कोणी भेटलं तर सोन्याहून पिवळं. आयोगाच्या आराखड्यात तशी सोय आहे. कॉलेजात जागा असते का, हा खरा प्रश्न.

अगदी हेच प्रश्न पुण्याच्या विद्यापीठालाही विचार. ‘वर्षाच्या शेवटी मेजर सांगा’ हे ऐकायला छान वाटतं, पण सांगितलेलं मिळतंच का? हव्या त्या मेजरला जागांची मर्यादा आहे का, सीजीपीएची, म्हणजे सरासरी गुणांची, अट आहे का, २५ टक्के सूट टिकवायला दरवर्षी किती गुण लागतात? मानसशास्त्राला सगळीकडे झुंबड असते, आणि तू तिथे जाशील ते तेच घ्यायला असा माझा अंदाज आहे. प्रवेश विभागातल्या लोकांचा पगार तुला ‘हो’ म्हणण्याबद्दल असतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना विचार.

तू दोन विद्यापीठं म्हणून तुलना करतेस, पण मुंबई विद्यापीठ १८५७ चं असो की कधीचं, तू शिकणार आहेस कॉलेजात. स्वायत्त कॉलेज स्वतःचा अभ्यासक्रम आखतं, पेपर काढतं, निकाल लावतं. पदवीवर शिक्का तेवढा विद्यापीठाचा. २०१७ साली ऑनस्क्रीन तपासणीच्या गोंधळात विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना जावं लागलं, तेव्हापासून पालक स्वायत्त कॉलेजची चौकशी जास्त करू लागले असं मला दिसतं. माझ्या मते योग्यच आहे.

आता पैसे. २० लाखांतले ८ बाबांचे, म्हणजे १२ कर्ज. दरवर्षी ३ लाख उचललेस आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिकणं संपून सवलतीचं एक वर्ष होईपर्यंत साध्या व्याजानेच ४ लाख २० हजार चढतात. हप्ते सुरू होतात ते १६ लाख २० हजारांवर, आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याला साधारण २१,४०० रुपये. बावीस-तेविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीतून हा हप्ता गेला की एमएचं नाव काढता येत नाही. आणि तुझे तिन्ही विषय असे आहेत की त्यांना पुढचं शिक्षण लागतंच. दुसरं, साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँक साधारणपणे तारण मागते. तुमच्याकडे तारण काय असणार? तोच वन बीएचके. ‘तू म्हणशील तसं’ म्हणताना बाबांनी हा हिशेब केला आहे का, मला शंका आहे. बहुधा केला असेल आणि म्हणूनच गप्प असतील.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र निवडलं, तिच्याकडे येते.

तुझ्या मूळ पत्रात विषयांबद्दल जेमतेम पाच ओळी आहेत. कॅम्पसबद्दल दीड पान आहे. खिडकी दोनदा आली आहे. टेबल तीनदा. अर्थशास्त्रातलं काय आवडतं ते तू लिहिलेलं नाहीस, पण लायब्ररीत मुली एकेकट्या बसल्या होत्या आणि कोणी त्यांना काही विचारत नव्हतं, हे लिहिलं आहेस. अगं, तुझं घोडं मेजरपाशी अडलेलंच नाही. तुला घरातून बाहेर पडायचंय. पाच माणसांच्या, टीव्हीच्या, मशीनच्या आवाजातून उठून एका बंद दाराच्या खोलीत बसायचंय.

यात चुकीचं काही नाही. जिन्यात बसून बारावी केलेल्या मुलीने टेबलाची इच्छा धरू नये तर कोणी धरावी? आजीवर तुझं प्रेम नाही असाही त्याचा अर्थ होत नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ‘विषय ठरत नाही म्हणून पुणे’ असं म्हटलंस की आई विषयावरच बोलत राहणार, मामा विषयावरच भांडणार, बाबा घर गहाण ठेवायला तयार होणार, आणि जे तुला हवंय त्याची किंमत किती हे कोणी मोजणारच नाही. खोली हवी असेल तर खोलीचा भाव काढ. माटुंगा-दादरकडे मुलींची होस्टेल आणि पेइंग गेस्टच्या जागा आहेत. जेवणासकट महिना १५ हजार धरले, कॉलेजचे दहा महिने धरले, तर वर्षाचे दीड लाख. तीन वर्षांचे साडेचार. बाबांच्या ८ लाखांत कॉलेजची फी, ही खोली आणि एमएसाठी थोडी शिल्लक, असं सगळं बसू शकतं, तेही कर्जाशिवाय. खिडकीतून टेकडी दिसणार नाही, समोरच्या बिल्डिंगीतल्या वाळत घातलेल्या चादरी दिसतील, आणि खोलीत आणखी एक-दोघी असतील. दार मात्र लावता येईल.

पहिल्या वर्षी लगेच बाहेर पड असंही मी म्हणत नाही. डोंबिवली-दादर फास्टने तासभर, पुढे माटुंगा, म्हणजे रोजचे अडीच तास गर्दीत जातील आणि घरी येऊन पुस्तक उघडवणार नाही, हे खरं आहे. तो खर्च आई धरत नाही, तू धर. पण पहिलं वर्ष कॉलेजची लायब्ररी बंद होईपर्यंत तिथे बसून, उशिराच्या गाडीने बसायला जागा मिळवून काढता येतं. पुष्कळ मुली काढतात. दुसऱ्या वर्षापासून खोली, हे आत्ताच बाबांशी ठरवून घे. मोघम नको, महिना आणि रक्कम सांगून. उन्हाळ्यात एमटीटीएसला अर्ज कर. तेव्हा मुंबई विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं हे गणिताचं निवासी शिबिर आहे, साधारण चार आठवडे, देशभरातून निवडलेली मुलं. दिवसभर सिद्धता मांडायच्या आणि कोणीतरी ‘का?’ म्हणून अडवायचं. गणित आपलं आहे की नाही हे तिथे महिनाभरात कळतं, आणि घराबाहेर राहणं आपल्याला झेपतं का, हेही.

मानसशास्त्राच्या धाग्याचं राहिलं. मायनर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर आयोगाने एप्रिल २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे: एक नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते. इग्नूतून मानसशास्त्र दुसऱ्या वर्षी सुरू करता येईल. पहिल्याच वर्षी दोन घोड्यांवर बसू नकोस, एफवायचं गणित पुरेसं दमवतं. स्वयम् वरचे काही कोर्सही आयोगाच्या नियमात पदवीच्या क्रेडिटला धरता येतात. तुझं कॉलेज धरतं का ते त्याच गणित विभागात विचारून घे.

तर माझं मत माटुंगा, मेजर गणित, मायनर अर्थशास्त्र. वर सांगितलेल्या परीक्षेत गणिताने दगा दिला आणि संशोधन पद्धतींच्या प्रकरणाने जागं ठेवलं, तर माटुंगा-दादर-व्हीटी पट्ट्यात कुठेही बीएला मानसशास्त्र. बारावी सायन्सवरून ते घेता येतं. त्यासाठीही २० लाख लागत नाहीत.

पुण्यात जे मिळतं ते माटुंग्यात सगळं मिळेल असं मी म्हणणार नाही. छोटे वर्ग, तुझा निबंध वाचून लाल शाईत परत देणारे शिक्षक, वादावादी करायला वेगवेगळ्या राज्यांतली मुलं, हे मोठं सुख आहे आणि त्याला मी नाक मुरडत नाही. म्हणून एक प्रयत्न अवश्य कर. डिपॉझिटच्या त्याच ईमेलमध्ये बाबांच्या उत्पन्नाचा दाखला जोडून सवलत वाढवण्याची विनंती कर. खासगी विद्यापीठं पहिल्या ऑफरवरच अडून राहतात असं नाही, चांगल्या मुली त्यांनाही हव्या असतात. एकूण कर्ज ४ लाखांच्या आत येत असेल, घर तारण ठेवावं लागत नसेल आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी मेजरबद्दल भरवसा दिला, तर माझं मत बदलेल. तेव्हा खुशाल जा. सवलत नुसती २५ ची ३० झाली, तर नको.

रविवारी बाबांशी बोल, मामा नसताना. हप्त्याचा आकडा कागदावर लिहून ने. आणि सुरुवात विषयावरून करू नकोस, जिन्यावरून कर.

माटुंग्याच्या पहिल्या यादीवर लक्ष ठेव. नाव लागल्यावर फी भरायला दोन-चार दिवसच देतात, मुदत चुकली तर जागा खालच्या मुलाला जाते. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, एबीसी आयडी (तुझे क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) हे सगळं आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेव. आणि पास काढण्याआधी कॉलेजातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घे. पहिल्या आठवड्यात त्यासाठी जी रांग लागते, तिला तोड नाही.

– ताई